मोकळ्या रानातला संगीत आणि हस्तकला महोत्सव: लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी आखणी कशी करावी

वस्तीपासून दूर, मोकळ्या मैदानात संगीताचा आणि हस्तकलांचा महोत्सव भरवायचे ठरले की बहुतेक आयोजक पहिल्याच बैठकीत कलाकारांची यादी करायला बसतात. ही सुरुवात मला चुकीची वाटते. लहान मुलांना घेऊन आलेले कुटुंब गाणे आवडले नाही म्हणून क्वचितच उठून जाते. सावली मिळाली नाही, पाणी लांब होते, स्वच्छतागृहापुढची रांग हलेना, आवाजाने बाळ दचकून रडू लागले, किंवा कुंभाराच्या चाकावर बसायला मिळेल म्हणून तासभर ताटकळलेल्या मुलाचा नंबर लागलाच नाही, अशी त्यामागची कारणे असतात. म्हणून प्रत्येक निर्णय घेताना एकच प्रश्न विचारावा: चार वर्षांचे मूल आणि सत्तरीची आजी बरोबर असलेले कुटुंब इथे सकाळपासून सूर्यास्तापर्यंत सुखाने थांबू शकेल का? पुढील मार्गदर्शन एक दिवसाच्या आणि साधारण एक ते तीन हजार माणसांच्या महोत्सवापुरते आहे. मुक्कामी महोत्सवाचे गणित वेगळे असते.

पहिली पायरी: जागा दोनदा पाहावी

मैदान एकदा पावसानंतर दुसऱ्या दिवशी आणि एकदा उन्हाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास पाहावे. पहिल्या भेटीत पाणी कुठे साचते, माती किती चिकट आहे आणि जड गाडी आत येऊन परत बाहेर पडू शकेल का, हे कळते. दुसऱ्या भेटीत सावलीचा अंदाज येतो. सकाळी अकराला झाडाखाली दिसलेली ऐसपैस सावली चारला कुठल्या कुठे सरकलेली असते, आणि नेमकी तीच वेळ मुलांच्या चिडचिडीची असते. जुन्या झाडांच्या वाळक्या फांद्याही याच भेटीत वर मान करून पाहाव्यात. ज्या झाडाखाली माणसे बसवायची ते झाड जाणकाराकडून तपासून घेतलेले बरे.

हलका उतार असलेली जमीन उत्तम, कारण पाण्याचा निचरा होतो आणि मागे बसलेल्यांनाही रंगमंच दिसतो. मात्र खुद्द रंगमंच, चाके आणि भट्टी यांना सपाट जागाच लागते. वाहनतळासाठी येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीला साधारण २५ चौरस मीटर जागा धरावी, म्हणजे एका हेक्टरवर सुमारे चारशे मोटारी बसतात. ओल्या जमिनीवर हा आकडा पुष्कळ कमी होतो, कारण रुतलेल्या गाडीमागची सगळी रांग अडकते. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी यांच्यासाठी सुमारे चार मीटर रुंदीची एक वाट दिवसभर पूर्ण मोकळी ठेवायची असते. ती वाट नकाशावर आखून भागत नाही. तिथे दोरी बांधावी आणि माणूस उभा करावा, नाही तर पहिल्या तासातच कोणी तरी तिथे मालाची गाडी लावून जातो.

जमीनमालकाची लेखी संमती, स्थानिक प्रशासनाची परवानगी, ध्वनिक्षेपकाचे नियम आणि विमा या गोष्टी जागा नक्की होताच हाती घ्याव्यात. शेजारच्या शेतकऱ्यांना आणि वस्तीला आयोजकांनी स्वतः जाऊन भेटावे. छापील पत्रकाने ते काम होत नाही.

दुसरी पायरी: आवाजाचा नकाशा

मैदानाचा आराखडा काढताना आधी रंगमंच ठेवावा आणि बाकी सगळे त्याच्या आवाजाच्या हिशेबाने मांडावे. मावळता सूर्य प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येऊ नये आणि कलाकारांच्याही तोंडावर येऊ नये, म्हणून रंगमंचाचे तोंड शक्यतो उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे असावे. ते वस्तीकडे मात्र कधीही नसावे.

मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की पुढच्या रांगेत १०० डेसिबल ठेवून मागच्यांना ऐकवण्याचा प्रयत्न केला, तर पुढे बसलेल्या मुलांच्या कानांवर अन्याय होतो. प्रौढांच्या कामाच्या जागी वापरला जाणारा एक ठोकताळा ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला निम्मा वेळ, असा आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी जी मानके दिली, त्यांतही १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे. मुलांच्या महोत्सवात त्या मर्यादेच्या जवळही जाण्याचे कारण नाही. त्यापेक्षा लहान ध्वनिक्षेपक दोन-तीन ठिकाणी उभे करावेत आणि प्रत्येक ठिकाणी आवाज मर्यादित ठेवावा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटर मागे ठेवलेल्या ध्वनिक्षेपकाला सुमारे एक दशांश सेकंदाचा विलंब द्यावा लागतो. तो दिला नाही तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हे काम ध्वनिव्यवस्था करणाऱ्यांना ठाऊक असते, पण आपण विचारल्याशिवाय ते होईलच असे नाही.

सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा आधी थंड होते आणि आवाज खाली वळून लांबपर्यंत जातो. दुपारी वस्तीत न पोचणारा ठेका रात्री तिथे खिडक्या हलवतो. अंधार पडताच खालच्या पट्टीतले ध्वनी, म्हणजे ढोलाचा आणि बेसचा गाभा, कमी करण्याची सूचना मिक्सरवर बसणाऱ्याला लेखी द्यावी.

रंगमंचाच्या बाजूला, पण त्याच्या मागच्या अंगाला, एक शांत मांडव असावा. गोंगाट सहन न होणारी मुले, स्तनपान करणाऱ्या माता आणि थकलेली वडीलधारी माणसे यांच्यासाठी तिथे चटया, मंद उजेड आणि पाणी ठेवावे. कानावर लावायची मुलांच्या मापाची संरक्षक कवचे माहिती कक्षात उसनी मिळतील अशी सोय करावी. हा खर्च लहान आहे आणि त्यामुळे थांबणारी कुटुंबे पुष्कळ असतात.

तिसरी पायरी: कारागिरांची मांडणी, आणि चाकाचे गणित

हस्तकला म्हणजे रंगमंचाभोवतीची शोभा, असे समजून कारागिरांना कडेच्या रांगेत बसवले की अर्धा महोत्सव वाया जातो. मुलांच्या दृष्टीने खरा महोत्सव तिथेच असतो, कारण तिथे हात मळवता येतात.

आता चाकाचे गणित पाहू. कुंभाराच्या चाकावर एका मुलाला बसवायचे, माती मध्यावर आणून द्यायची, त्याचे हात आपल्या हातात धरून भांडे उभे करायचे आणि दोऱ्याने कापून काढायचे, यात आठ ते दहा मिनिटे जातात. म्हणजे तासाला सहा मुले, आणि कारागिराला विश्रांती देत सहा तास काम चालले तर दिवसाला छत्तीस. मैदानात तीनशे मुले असतील तर दोनशे चौसष्ट मुले हिरमुसून परत जाणार. मी एका महोत्सवात हे गणित न करता एकच चाक ठेवले होते. दुपारी एकपर्यंत रांग मांडवाबाहेर उन्हात गेली, आणि त्या रांगेतल्या पालकांच्या चेहऱ्यावरचे भाव मला आजही आठवतात.

यावर उपाय दोन. पहिला, चाकासाठी वेळ लिहिलेल्या चिठ्ठ्या सकाळी वाटाव्यात, म्हणजे कोणी रांगेत उभे राहत नाही. दुसरा आणि अधिक महत्त्वाचा, चाकाशेजारी बारा मुले बसतील असे हाताने भांडे घडवण्याचे लांब टेबल ठेवावे. मुठीएवढा मातीचा गोळा, त्यात अंगठा रुतवायचा, चिमटीने कडा पातळ करत न्यायच्या; वीस मिनिटांत मुलाच्या हातात स्वतःची वाटी असते. चाकावरच्या भांड्यात निम्मे श्रेय कुंभाराचे असते, या वेड्यावाकड्या वाटीत सगळे मुलाचे.

पण वाटी झाल्यावर तिचे काय, हा प्रश्न बहुतेक आयोजकांना संध्याकाळीच पडतो. ओली वाटी पिशवीत टाकली की तिचा पुन्हा गोळा होतो, आणि मूल ती हातात धरून दिवसभर फिरू शकत नाही. म्हणून मांडवाच्या मागे सावलीत फळ्यांची मांडणी लावावी, प्रत्येक वाटीच्या तळाशी काडीने क्रमांक कोरावा आणि तोच क्रमांक व पालकांचा संपर्क एका वहीत नोंदवावा. कच्ची वाटी त्याच दिवशी भाजून द्यावी, असा आग्रह कोणी धरला तरी ऐकू नये. पूर्ण न सुकलेली माती तापवली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि वाटी भट्टीत फुटते, शेजारच्या चार घेऊनच. सुकायला जाडीनुसार आणि हवेनुसार आठवडा किंवा त्याहून अधिक लागतो. मातीचे हात धुण्यासाठी तीन बादल्या ओळीने ठेवाव्यात; पहिल्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ पुन्हा वापरता येतो आणि नाल्या तुंबत नाहीत.

इतर कामांचेही असेच बारकावे आहेत. टोपल्या विणायच्या कामट्या आधी भिजवून ठेवाव्या लागतात, म्हणून त्या मांडवाला पाण्याची टाकी जवळ हवी. लोहाराच्या भात्यापासून आणि ऐरणीपासून प्रेक्षकांना काही पावले लांब ठेवणारा कठडा लागतो, पाहायला वाकणाऱ्या मुलांसाठी डोळ्यांचे चष्मे लागतात आणि भोवतालचे वाळके गवत कापून ओले करावे लागते. लाकूडकामात मुलांना चाकू देण्याऐवजी घासकागद आणि आधीच कापलेले तुकडे द्यावेत. लोकर थापून नमदा करण्याचे काम सर्वांत लहान मुलांना जमते, कारण त्याला कोमट पाणी, साबण आणि भरपूर मारझोड एवढेच लागते. मणी ओवण्याचे टेबल मात्र तीन वर्षांखालच्या मुलांपासून दूर ठेवावे. मणी घशात अडकतो.

कारागिरांबाबत दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. एकच माणूस एकाच वेळी शिकवू आणि विकू शकत नाही, त्यामुळे प्रत्येक मांडवात दोघे असावेत. दुसरा माणूस नसेल तर स्वयंसेवक द्यावा. आणि प्रात्यक्षिकाचे मानधन स्टॉलच्या भाड्यातून वळते करून घेण्याची पद्धत सोडून द्यावी. कलाकाराला आपण टाळ्यांवर बोळवत नाही, तर कारागिराला 'तुमची जाहिरात होईल' असे सांगून का बोळवावे?

चौथी पायरी: संगीताची वेळापत्रके

मुलांचे लक्ष आणि पालकांची उसंत लक्षात घेतली तर एका सादरीकरणाला ३० ते ४० मिनिटे पुरेशी होतात, आणि दोन सादरीकरणांच्या मध्ये किमान २० मिनिटांची मोकळीक हवी. त्या मोकळ्या वेळात ध्वनिमुद्रित गाणी लावू नयेत. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. तेवढा वेळ मैदान शांत राहिले की हातोड्याचा, हातमागाचा आणि मुलांच्या बोलण्याचा आवाज ऐकू येतो, लोक आपोआप मांडवांकडे वळतात आणि पुढचे वाद्य वाजू लागले की कान ताजे असतात.

मुलांसाठीचे कार्यक्रम सकाळी आणि दुपारी लवकर ठेवावेत. सातनंतर ठेवलेला 'बालकार्यक्रम' झोपलेल्या मुलांपुढे होतो. दोन रंगमंच असतील तर त्यांची पाठ एकमेकांकडे असावी आणि वेळा आलटून पालटून असाव्यात. वाद्ये हाताळून पाहण्याचा मांडव मोठ्या रंगमंचापासून आणि शांत मांडवापासून सारखाच लांब ठेवावा, कारण वीस मुले एकाच वेळी ढोल बडवणार आहेत.

मोकळ्या हवेत वाद्ये बेसूर होतात, हे वेळापत्रकात धरलेले नसते. दमट हवेत चामड्याची पुडी सैल पडते, उन्हात ती ताणली जाते. बासरीचा स्वर गरम हवेत चढतो, तर तंतुवाद्याच्या धातूच्या तारा उन्हाने सैलावतात. कलाकारांना रंगमंचाशेजारीच सावलीची जागा आणि सुरुवातीपूर्वी अर्धा तास द्यावा. ध्वनिचाचणी लोक आत येण्यापूर्वी उरकावी. भर दुपारी तासभर चाललेले 'हॅलो, हॅलो, चेक' ऐकून कोणालाही घरी जावेसे वाटेल.

पाचवी पायरी: पाणी, स्वच्छतागृहे, वीज

पिण्याचे पाणी मोफत असावे आणि मैदानाच्या कोणत्याही बिंदूपासून दोन-तीन मिनिटांच्या चालीवर असावे. एक नळ मुलाच्या उंचीचा ठेवावा. सहा तासांहून कमी चालणाऱ्या कार्यक्रमासाठी शंभर स्त्रियांमागे एक स्वच्छतागृह हा वापरातला ठोकताळा आहे. दिवसभराच्या कौटुंबिक महोत्सवात त्याहून अधिक ठेवावीत, कारण आई आत जाते तेव्हा बरोबर दोन मुलेही जातात. चाकाची खुर्ची वळू शकेल असे एक तरी स्वच्छतागृह पक्क्या वाटेलगत हवे आणि बाळाचे कपडे बदलण्याची फळी पुरुषांच्या बाजूलाही हवी. सफाई दर तासाला व्हावी आणि ती कोणी केली याची सही दारामागच्या कागदावर असावी. जनावरांना हात लावण्याची सोय केली असेल तर लगतच साबण आणि वाहते पाणी ठेवावे. तिथे जेलच्या बाटलीने भागत नाही.

जनरेटर घेताना त्यावर लिहिलेल्या आकड्याला भुलू नये. २० केव्हीएच्या (केव्हीए हे जनरेटरच्या लिखित क्षमतेचे एकक) जनरेटरमधून ०.८ पॉवर फॅक्टरने, म्हणजे क्षमतेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा ०.८ धरून, १६ किलोवॅट मिळतात, आणि तो तीन चतुर्थांश भारावर चालवायचा म्हटला तर १२ किलोवॅटच हाताशी उरतात. ध्वनिव्यवस्था आणि पाणी तापवणारी उपकरणे एकाच जोडणीवर कधीही ठेवू नयेत. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे संरक्षक यंत्र प्रत्येक जोडणीवर असलेच पाहिजे, कारण इथे माणसे ओल्या गवतावर अनवाणी चालतात. वाहनतळाची वाट अंधारात उजळलेली असावी. दिवसा ती बांधणे राहून जाते आणि रात्री हजार माणसे मोबाइलच्या उजेडात खड्डे शोधतात.

सहावी पायरी: वारा, वीज आणि हरवलेले मूल

तीन मीटर बाय तीन मीटरचा हलका मांडव म्हणजे चार पायांवर उभे केलेले शीड आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. प्रत्येक पायाला किमान २० किलो वजन बांधावे, खुंट्या वेगळ्या; आणि कोणत्या वेगाला छत उतरवायचे हे मांडव पुरवणाऱ्याकडून लेखी घ्यावे. वेग मोजणारे छोटे यंत्र एका जबाबदार माणसाच्या हातात असावे आणि कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडेच असावा. तो अधिकार कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाकडे दिला तर 'एवढे एकच गाणे' होत राहते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. त्या क्षणी मैदान रिकामे करायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबायचे. मांडव आणि झाड हे विजेपासून आसरे नव्हेत. पक्की इमारत किंवा धातूच्या छताची बंद मोटार हेच आसरे. म्हणून वाहनतळ दहा मिनिटांत गाठता येईल इतका जवळ असणे ही सोयीपेक्षा सुरक्षिततेची बाब आहे.

मूल हरवते, आणि बहुधा पंधरा मिनिटांत सापडते. प्रवेशद्वारावर मुलाच्या मनगटाला पट्टी बांधावी, तिच्यावर पालकांचा फोन क्रमांक लिहावा, मुलाचे नाव लिहू नये. नाव वाचून अनोळखी माणूस सहज ओळख दाखवू शकतो. त्याच कारणाने ध्वनिक्षेपकावरून मुलाचे नाव आणि कपड्यांचे वर्णन पुकारू नये. स्वयंसेवकांसाठी एक ठरलेला सांकेतिक शब्द असावा आणि तो वायरलेसवर ऐकताच फाटकावरच्या माणसाने एकट्या मोठ्या माणसाबरोबर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाकडे लक्ष द्यावे. सापडलेल्या मुलाजवळ नेहमी दोन जण बसावेत, एकटा कोणीही नाही. आणि मूल सोपवताना ओळख पटवून सही घ्यावी.

सातवी पायरी: आदल्या दिवसापासून शेवटच्या मडक्यापर्यंत

गवत आठवडाभर आधी कापून उचलावे. आदल्या संध्याकाळी एका स्वयंसेवकाने लहान मुलाला बरोबर घेऊन फाटकापासून रंगमंच, स्वच्छतागृह, चाक आणि परत वाहनतळ असा फेरा मारावा. केबलला कुठे पाय अडकतो, कुठली पाटी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर नाही, कुठे बाबागाडी अडते, हे त्या अर्ध्या तासात जितके कळते तितके कुठल्याही बैठकीत कळत नाही.

महोत्सव संपल्यावर मैदान पुन्हा जनावरांचे कुरण होणार असेल तर सफाई डोळ्यांनी भागत नाही. गवताबरोबर गिळलेला तारेचा तुकडा किंवा खिळा गाईच्या पोटात अडकतो आणि पुढे जठराला छेदून हृदयापर्यंत जाऊ शकतो. मांडवांच्या प्रत्येक जागेवरून लोहचुंबक लावलेला दांडा फिरवावा. प्लॅस्टिकचे केबल बांधायचे पट्टे चुंबकाला लागत नाहीत, ते एका ओळीत चालत हाताने वेचावे लागतात. म्हणून मांडणीच्या वेळीच शक्य तिथे सुतळी वापरलेली बरी, आणि कापलेले टोक खिशात घालण्याची सवय प्रत्येकाला लावावी. जमीनमालकाबरोबर शेवटचा फेरा मारून मगच किल्ली परत करावी.

त्यानंतरही एक काम उरते. वाट्या सुकल्या की कुंभाराच्या भट्टीत जातात, आणि दोन-तीन आठवड्यांनी क्रमांकाप्रमाणे वहीतल्या पालकांना कळवायचे असते. काही वाट्या तडकलेल्या निघतात. त्या गुपचूप टाकून देऊ नयेत. तडा गेलेली वाटीही कागदात गुंडाळून, तिचा क्रमांक लावून, तशीच त्या मुलाला द्यावी आणि तडा का गेला तेही सांगावे.